चोवीस व्होल्टचे बारा

माझा धाकटा भाऊ मशीनने श्वास घेतो. शाळेत असताना त्याचे पाय गेले, कॉलेजात हात, आणि पुढे हळूहळू छातीचे स्नायूही. आजाराचं नाव लांबलचक आहे आणि त्याला औषध नाही. आता तो तिशीला आलाय. नाकावर मास्क, मास्कला नळी आणि नळीच्या टोकाला बायपॅप नावाचं, पोळ्यांच्या डब्याएवढं मशीन. ते हवा आत ढकलतं, थांबतं, परत ढकलतं. जेवताना, दात घासताना मास्क काढावा लागतो, तेवढा वेळ तो स्वतःच्या जोरावर निभावतो. त्यापुढे त्याचे ओठ निळसर व्हायला लागतात आणि तो बोलायचा थांबतो. तो बोलायचा थांबला की आई आणि मी घाबरतो, कारण एरवी तो थांबत नाही.

तो गणित शिकवतो. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासमधली मुलं संध्याकाळी त्याला ऑनलाइन शंका विचारतात. उजव्या हाताचं एक बोट हलतं, त्या बोटाने तो स्क्रीनवर आकडे काढतो आणि तोंडाने समजावतो. मुलांना त्याचा आवाज माहीत होता, आवाजामागचं मशीनचं फुस्स-फुस्सही माहीत होतं, पण चेहरा कुणी पाहिला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात बॅच संपत आली तेव्हा मुलांनी ठरवलं की सरांना प्रत्यक्ष भेटायचं.

"मग येऊ देत ना घरी," आई म्हणाली. "पोहे करते. जलेबी मागवू."

"घरी नको." मशीनने हवा दिली, ती संपेपर्यंत तो थांबला. "घरी मी पेशंट दिसतो. मला तिकडे जायचंय, क्लासमध्ये."

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा गेल्यापासून तो राजेंद्र नगरच्या आमच्या घरातून फक्त हॉस्पिटलसाठी बाहेर पडला होता, तेही अँब्युलन्समध्ये. घरात इन्व्हर्टर आहे, तो बिघडला तर दुसरा आहे. पण त्याच्या मशीनला स्वतःची बॅटरी नाही. कंपनीची वेगळी बॅटरी मिळायची, ती आता बनत नाही. बाजारातले दोन छोटे, बाहेर नेता येणारे इन्व्हर्टर आणून पाहिले. एकाच्या विजेवर मशीन गुरगुरायचं आणि मधेच अलार्म द्यायचं. दुसरा चालायचा, पण बॅटरी भराभर संपवायचा.

"तू तर हेच काम करते ना," भाऊ म्हणाला. "दिवसभर. दुसऱ्यांसाठी."

खरं होतं. मी शहराबाहेर, राऊच्या पुढे एका लहान कंपनीत पॉवर सप्लायचे बोर्ड डिझाइन करते. कुणाच्या दुकानाच्या वजनकाट्यात, कुणाच्या दरवाजाच्या कुलुपात माझे बोर्ड बसलेले असतात. ते बिघडले तर कुणीतरी वैतागतं, फोन करतं, आम्ही नवा बोर्ड पाठवतो. मशीनला बारा व्होल्ट लागायचे. चोवीस व्होल्टची एक चांगली लिथियम बॅटरी मला ऑफिसातून वापरायला मिळत होती. चोवीसचे बारा करणारा स्टेप-डाउन कन्व्हर्टर म्हणजे माझ्यासाठी रोजची भाजी-पोळी. तरी मी त्याला लगेच हो म्हटलं नाही. पाठ फिरवून पाणी प्यायला गेले आणि स्वयंपाकघरात उगाच उभी राहिले.

हा कन्व्हर्टर काय असतो ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एक चिप बॅटरीची वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करते. ते तुकडे एक कॉइल आणि काही कपॅसिटर मिळून सपाट करतात, म्हणजे पलीकडे शांत बारा व्होल्ट निघतात. कपॅसिटर म्हणजे विजेची टाकी. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तरी नळ रोज चालतो तो छतावरच्या टाकीमुळे. तसंच हे. एक टाकी चिपच्या अलीकडे बॅटरीच्या बाजूला, एक पलीकडे मशीनच्या बाजूला.

चिप निवडायला मला एक चहा पुरला. कपॅसिटरवर मी अडकले.

दोन जाती माझ्यासमोर होत्या. एक इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे छोट्या डब्यासारखे उभे असतात ते. मोठी टाकी, पण आत ओलावा असतो आणि तो उष्णतेने सुकत जातो. दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं असा आमच्या कामातला ढोबळ हिशेब आहे. आणि मला बनवायचं होतं ते मे महिन्यात, इंदूरच्या उन्हात, व्हीलचेअरच्या मागे बंद पिशवीत राहणार होतं. मला डोळ्यांसमोर तो डबा फुगलेला दिसायचा, वरचं झाकण फाटलेलं. दुसरी जात सिरॅमिक. तांदळाच्या कणीएवढे, आत सुकायला काही नाही, वर्षानुवर्षं टिकतात. त्यांची खोड वेगळी. अंगावर व्होल्टेज आलं की त्यांची टाकी लहान होते. वर टाकीचं माप लिहिलेलं असतं बावीस आणि बारा व्होल्टवर त्यातलं जेमतेम निम्मं उरतं. ते मला ठाऊक होतं, म्हणून मी दुप्पट लावले, मग भीती वाटली म्हणून आणखी. अलीकडे सिरॅमिक, पलीकडे सिरॅमिक. इलेक्ट्रोलिटिक एकही नाही. सुकणारी कुठलीही गोष्ट मला त्याच्या श्वासाच्या वाटेत नको होती.

ऑफिसातल्या माझ्या वरिष्ठांना मी सर्किटचा नकाशा दाखवला. ते कमी बोलतात. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, पेन टेबलावर आडवं ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, ये मरेगा तो कैसे मरेगा?"

"बंद पडेल," मी म्हटलं. "अलार्म वाजेल. आमच्याकडे अँबू बॅग आहे, हाताने दाबायचा फुगा. आईला येतं."

"बंद होके मरे तो ठीक. चालू रहके मरे तो?"

त्यांना काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं. असा कन्व्हर्टर दोन तऱ्हांनी मरतो. एकात चिप गप्प होते. दुसऱ्यात चिपमधला स्विच चिकटून बसतो, उघडतच नाही, आणि बॅटरीची सगळी वीज न कापता सरळ पलीकडे जाते. बाराच्या जागी अठ्ठावीस. भरलेली बॅटरी चोवीस म्हणत असली तरी अठ्ठावीस असते. मी म्हटलं, त्याची व्यवस्था पुढच्या बोर्डात करते, आधी हा चालतो का बघते. त्यांनी मान हलवली आणि कागद परत दिला.

रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर पहिली चाचणी घेतली. भाऊ खुर्चीत बसून बघत होता, त्याचं मशीन भिंतीच्या विजेवर. कन्व्हर्टरच्या पलीकडे मशीनऐवजी मी गाडीच्या हेडलाइटचा बारा व्होल्टचा बल्ब लावला होता. मशीन लावायचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता असं नाही. ते टेबलापासून हाताच्या अंतरावर होतं आणि त्याची वायर भिंतीतून काढायला किती वेळ लागतो? पण तो त्या वेळी मास्क लावून होता, म्हणून राहिलं.

बॅटरीचा प्लग लावला. बल्ब पेटला, पिवळा, शांत. मीटरवर बारा. भाऊ म्हणाला, "झालं की."

प्लग काढला. बल्ब विझला. परत लावला. टक् असा बारीक आवाज झाला, नखाने ताटलीवर वाजवल्यासारखा. बल्ब पांढरा झाला. त्याच्याकडे बघवेना. मी हात पुढे केला तोवर तो फुटला आणि काचेचे तुकडे टेबलभर उडाले. जळक्या प्लास्टिकचा वास आला. मीटरवर अठ्ठावीस दिसत होते, स्थिर, जणू तेच बरोबर होतं.

मी प्लग ओढून काढला. खोलीत फक्त त्याच्या मशीनचा आवाज राहिला. फुस्स. थांबणं. फुस्स.

"काय फुटलं गं?" आई आतून ओरडली.

"बल्ब," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, बल्बच्या जागी मी असतो का?"

"मशीन असतं."

"हां. आणि मशीनच्या पुढे?"

मी काचा वेचायला लागले. माझ्या बोटात एक गेली, रक्त आलं, ते मला नंतर कळलं.

त्या दिवसापासून मला एक सवय लागली. मी दुसऱ्या खोलीत असले तरी त्याचं फुस्स ऐकत राहायची. कुकरची शिट्टी झाली की मधला एक श्वास ऐकू यायचा नाही. मी उठून दारातून डोकावायची. तो स्क्रीनवर काहीतरी वाचत असायचा. "जिवंत आहे," तो मान न वळवता म्हणायचा. त्याला मान वळवता येत नाही, पण माझी चाहूल कळते.

ऑफिसात मी तसाच दुसरा बोर्ड बनवला आणि विजेची हालचाल चित्रासारखी दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला जोडला. प्लग लावला. पडद्यावर रेघ सरळ वर गेली, अठ्ठावीसवर न थांबता पन्नासच्याही पुढे, आणि मग डोलत डोलत खाली येऊन अठ्ठावीसवर बसली. सगळं डोळा मिटायच्याही आत. चिपची सहनशक्ती चाळीसपर्यंत होती. घरी पहिल्या वेळी ती कशीबशी वाचली होती, दुसऱ्या वेळी गेली.

मी त्या पडद्यासमोर बसून राहिले. कारण मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं. वायर लांब असली की तिच्यात विजेला वेग येतो, तो वेग एकदम थांबत नाही. रिकाम्या टाकीत तो धडकतो आणि उसळी मारतो. नर्मदेचं पाणी आलं की पाइप धडधडतो ना, तसं. ती उसळी जिरवायला वाटेत थोडा रोध लागतो, थोडा अडथळा. सिरॅमिक कपॅसिटरमध्ये तो जवळजवळ नसतोच, म्हणून तर त्यांना चांगलं म्हणतात. ऑफिसच्या बोर्डांवर माझ्याकडून हे कधी राहिलं नव्हतं, कारण तिथे मी सवयीने एक इलेक्ट्रोलिटिक बॅटरीच्या बाजूला ठेवते. इथे मी घाबरून तो काढला होता. सुकेल म्हणून.

वरिष्ठ मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर गोठलेली ती रेघ त्यांनी पाहिली. "घर पे देखा ये?" त्यांनी विचारलं.

"बल्ब गया," मी म्हटलं.

"सिर्फ बल्ब?"

"सिर्फ बल्ब."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. त्या दिवशी ते त्यांच्या कामावर परत गेले नाहीत.

आम्ही बोर्ड नव्याने काढला. अलीकडे सिरॅमिक राहू दिले आणि त्यांच्या शेजारी एक इलेक्ट्रोलिटिक ठेवला, कितीतरी पट मोठा, जास्त व्होल्टेजचा, एकशेपाच अंश सोसणारा. त्याच्या अंगात स्वतःचा थोडा रोध असतो. तोच उसळी जिरवतो. पण किती रोध ते बघावं लागतं. फार कमी झाला तर उसळी राहते, फार जास्त झाला तर तो स्वतःच तापतो. आम्ही एक लावायचो, प्लग जोडायचो, रेघ बघायचो, काढून दुसरा लावायचो. शेवटी रेघ वर गेली, अठ्ठावीसवर जराशी उचलली आणि बसली. त्याच्या जोडीला जादा व्होल्टेज जिरवणारा एक डायोड ठेवला. आणि पलीकडे, मशीनच्या तोंडाशी, शेवटची राखण. बारापेक्षा व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की ती स्वतःला शॉर्ट करते आणि फ्यूज उडतो. मशीन बंद पडेल, जळणार नाही.

ही राखण खरंच काम करते का हे बघायला एक बोर्ड मुद्दाम मारावा लागला. चिपचा स्विच मी तारेच्या तुकड्याने चिकटवला आणि बॅटरी लावली. फट् असा आवाज झाला. नवा बल्ब पेटलाच नाही. फ्यूजच्या काचेत काळा डाग.

"अब बंद होके मरेगा," वरिष्ठ म्हणाले. त्या वाक्याचा मला आनंद झाला, हे आता लिहिताना विचित्र वाटतं.

राहिली उष्णता. एका दुपारी मी बोर्ड डब्यात बसवला आणि तो डबा पिशवीत घालून छतावर पाण्याच्या टाकीशेजारी ठेवला, मशीनच्या जागी बल्ब लावून, आणि आत तापमापकाची तार सोडली. सिमेंटवर पाय ठेववत नव्हता. मी ओढणी डोक्यावर घेऊन दारात बसले आणि आकडा चढताना बघत राहिले. तो चढला, आणखी चढला, मग एका जागी रेंगाळला, एकशेपाचच्या बराच खाली. तरी मी पिशवीला जाळी लावून घेतली. आई दोनदा वर येऊन गेली. दुसऱ्या वेळी ताकाचा ग्लास ठेवला आणि म्हणाली, "तुला भीती वाटते आहे ना?"

"हो."

"मलाही. पण त्याला सांगू नको. त्याने शर्ट काढून ठेवायला लावलाय मला."

मग आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले. फुप्फुसांचे डॉक्टर त्याला लहानपणापासून ओळखतात. मी डब्याबद्दल सगळं सांगितलं, बल्बचंही. त्यांनी ते फाइलमध्ये लिहून घेतलं. मग म्हणाले, "सर्किटमधलं मला कळत नाही, मी त्यावर हो किंवा नाही म्हणणार नाही. मी मशीन बंद पडणारच असं धरून चालतो. अँबू बॅग आईच्या मांडीवर पाहिजे, बॅगेत नाही. मशीन थांबलं तर मास्क आधी काढायचा. आणि जिथे जाल तिथून हॉस्पिटल जवळ पाहिजे." निघताना त्यांनी आईकडून अँबू बॅग दाबून घेतली, स्वतःच्या हातावर तिची लय मोजली आणि मान डोलावली.

सकाळचीच वेळ ठरवली, ऊन चढायच्या आत. मागचं सीट काढलेली व्हॅन आली. चालवणाऱ्या भियांनी, इंदुरात भैयाला भिया म्हणतात, लाकडी फळी लावून खुर्ची वर घेतली. भावाने निळा शर्ट घातला होता, केसांना तेल लावू दिलं नव्हतं. मी त्याच्या मशीनची वायर भिंतीतून काढली आणि डब्याला लावली. मशीन एकदा गप्प झालं, दिवे लागले, परत फुस्स. माझा एक हात डब्यावर होता. डबा कोमट होता.

रस्ताभर मी बाहेर पाहिलंच नाही. मीटरवरचे बारा बघत बसले. सिग्नलवर व्हॅन थांबली की मशीनचा आवाज मोठा वाटायचा, चालायला लागली की इंजिनात बुडायचा आणि मी पुढे वाकून ऐकायची. त्याने मात्र सगळं पाहिलं. "ताई, ही बिल्डिंग कधी झाली? इथे तर ग्राउंड होतं." "ताई, ते समोशाचं दुकान आहे अजून." आईचा हात मांडीवरच्या रबरी फुग्यावर होता.

क्लासचा हॉल तळमजल्यावर होता. मुलं-मुली उभी राहिली. सगळ्यांचे डोळे खुर्चीवर. त्यांनी इतकी नळी, इतक्या वायरी, इतका बारीक माणूस अपेक्षिला नसावा. मला वाटलं, हे चुकलं, याला परत न्यावं. तेवढ्यात तो म्हणाला, "बसा. मी पण बसलोच आहे." हॉलमध्ये हसू फुटलं आणि तो आवाज त्यांनी ओळखला.

तो शिकवायला लागला. एक मुलगी त्याच्याकरता बोर्डावर लिहीत होती. मी खुर्चीच्या मागे एका स्टुलावर बसले आणि बऱ्याच वेळाने, पहिल्यांदाच, मीटरवरून नजर काढली. तो मुलांना ओरडत होता. "वही बंद कर. डोक्यात बघ." मला ठाऊक नव्हतं तो असा ओरडतो.

तास संपला तशी मुलं पुढे आली. फोटो, शंका, सगळं एकदम. खुर्चीभोवती गर्दी झाली. कुणाची तरी पाठीवरची बॅग वळली, तिचा पट्टा वायरीत अडकला आणि ओढला गेला. पिशवीतून बॅटरीचा प्लग निघाला. मशीन थांबलं.

अलार्म किंचाळायला लागला. मुलं मागे सरली. आईने मास्क काढला, अँबू बॅग त्याच्या तोंडावर धरली आणि दाबली. डॉक्टरांकडे मोजलेली तीच लय. मी जमिनीवर बसले आणि प्लग शोधला.

प्लग हातात आला आणि मला ते टक् ऐकू आलं. खरं तर काहीच वाजलं नव्हतं. पण तो पांढरा बल्ब मला स्पष्ट दिसला. मी स्वतःला घालून दिलेला नियम असा होता: आधी मशीनची वायर डब्यातून काढायची, मग बॅटरी लावायची, मीटर बघायचं, बारा दिसले तरच मशीन जोडायचं. मी मशीनची वायर काढली. प्लग जोडायला गेले तर तो नीट बसेना. लागला, ठिणगी पडली, सुटला, परत लागला, परत ठिणगी. यापेक्षा वाईट रीतीने जोडता येतच नाही. असं ऑफिसात दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी रागावले असते. शेवटी प्लग बसला. मीटर पिशवीत उलटं पडलं होतं. मी ते उलटवलं, पण मला आकडा वाचता येईना. डोळ्यांत घाम होता की पाणी, माहीत नाही.

"किती आहे?" आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्या छातीकडे बघत होती.

"थांब."

"किती आहे गं?"

मी ओढणीने डोळे पुसले. बारा. मीटरवर बारा होते. मी डोळे मिटले, उघडले, परत पाहिलं. बारा.

मी मशीन जोडलं. दिवे लागले. फुस्स. आईने अँबू बॅग काढली आणि मास्क बसवला. त्याचे ओठ राखाडी झाले होते. दोन-चार श्वास तो काहीच बोलला नाही. सगळा हॉल उभा होता. ज्या मुलाच्या बॅगेचा पट्टा अडकला होता तो रडत होता, आवाज न करता.

"अरे, तू तो पॅराबोलाचा प्रश्न विचारत होता ना," भाऊ त्याला म्हणाला. श्वास घेतला. "इकडे ये. बॅग ठेव बाजूला."

मी स्टुलावर बसायचा प्रयत्न केला आणि जमिनीवरच बसून राहिले.  एका मुलीने मला पाणी आणून दिलं, ते मी अर्धं अंगावर सांडलं.

परतताना व्हॅनमध्ये तो झोपला. आईने अँबू बॅग मांडीवरून काढली नाही. घरी पोचल्यावर तिने देवापुढे दिवा लावला, मग स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसली आणि खूप रडली. मी तिच्या शेजारी बसले. आतून त्याचं फुस्स येत होतं. तो उठला तेव्हा आम्ही दोघी तोंड धुऊन बसलो होतो. तो म्हणाला, "पोहे आहेत का?"

मी डबा उघडून पाहिला. इलेक्ट्रोलिटिक सपाट होता, झाकण जसंच्या तसं. डायोड, फ्यूज, चिप, सगळं जागेवर. बॅटरीच्या वायरीला आता पकड आहे, फिरवून लागणारी, ओढून निघत नाही. ते आधी सुचायला हवं होतं का, कुणास ठाऊक. मी कपॅसिटरमध्ये इतकी बुडाले होते की प्लग ओढला जाईल हे डोक्यात आलं नाही, आणि वरिष्ठांच्याही नाही.

त्यानंतर तो तीन-चारदा बाहेर जाऊन आला. एकदा फक्त आइसक्रीमसाठी. भीती काही गेली नाही. मी तो डबा उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर उघडते, इलेक्ट्रोलिटिक मोजते, शंका आली तर बदलते. प्रत्येक वेळी प्लग लावताना मला ते टक् ऐकू येतं. ऑफिसात दिवसभर तसेच प्लग लावते, तिथे काही होत नाही.

आता राऊच्या एका कॉलेजने त्याला बोलावलंय, दिवसभरासाठी. त्याने मला न विचारता हो कळवून टाकलं. काल जेवताना सांगितलं.

"दिवसभर?" मी म्हटलं. "एक बॅटरी नाही पुरणार."

"म्हणून तर तुला आधी सांगून राहिलो ना."

आज सकाळी मी ऑफिसातून दुसरी बॅटरी मागून घेतली. चार्जिंगला लावली आहे, बाहेरच्या खोलीत. थोड्या थोड्या वेळाने जाऊन हात लावून बघते, तापते आहे का.